यादीत नाव नव्हतं: स्वमग्न मुलं आणि शाळेचं दार

आजचा भाग आहे एका यादीची गोष्ट.

१९९५ साली आपल्या संसदेने अपंग व्यक्तींसाठी कायदा केला. समान संधी, हक्कांचं रक्षण आणि पूर्ण सहभाग, हे शब्द त्या कायद्याच्या नावातच होते. अपंगत्व म्हणजे नेमकं काय, हे सांगायला कायद्यात एक यादी दिली होती. अंधत्व, अल्पदृष्टी, बरा झालेला कुष्ठरोग, श्रवणदोष, हालचालींचं अपंगत्व, मतिमंदत्व आणि मानसिक आजार. बोटांवर मोजा, सात होतात. ऑटिझम त्यात नाही.

यादीत नाव नसलं तर एवढं काय बिघडतं? मतदानाच्या दिवशी केंद्रावर जाऊन यादीत स्वतःचं नाव न सापडलेल्या माणसाला विचारा. तुम्ही समोर उभे असता, हातात ओळखपत्र असतं, पण टेबलापलीकडच्या माणसाच्या लेखी तुम्ही नसताच.

तर आजचा प्रश्न असा, की ऑटिझम असलेलं मूल घराजवळच्या शाळेत, बाकीच्या मुलांच्या बाकावर बसून शिकणार, हा हक्क कधी झाला? आणि हक्क होण्याआधी ही गोष्ट काय होती? उत्तर शोधायला आपण आधी अमेरिकेला जाऊ, मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट नावाच्या छोट्या गावात. ऑटिझमची व्याख्या ज्या लेखातून जगापुढे आली, त्या लेखातला पहिला मुलगा या गावचा. तिथून परत आपल्याकडे येऊ, कारण ही यादीची भानगड त्यांच्याकडेही झाली होती.

आधी शब्दाबद्दल

मराठीत आपण 'स्वमग्न' म्हणतो. ऑटिझम हा शब्दही ग्रीक भाषेतल्या 'स्वतः' या अर्थाच्या शब्दावरूनच बनवला गेला. म्हणजे भाषांतर चोख आहे. पण या शब्दात एक निकाल आधीच देऊन टाकलाय. हे मूल स्वतःतच बुडालेलं आहे, त्याला इतरांची गरज नाही, असा. हा निकाल किती खरा, ते थोड्या वेळाने एका शाळकरी मुलाच्या थापेवरून कळेल. तोवर ही गोष्ट मनात ठेवा.

मी या भागात ऑटिझम आणि स्वमग्न, दोन्ही शब्द वापरणार आहे. 'मतिमंद' हा शब्द आज आपण वापरत नाही, बौद्धिक अक्षमता म्हणतो. पण जुन्या कायद्यांत आणि शाळांच्या पाट्यांवर तो होता, म्हणून त्या काळाबद्दल बोलताना तो येईल.

केस नंबर एक

डोनाल्ड ट्रिपलेटचा जन्म १९३३ चा. वडील वकील, आईच्या माहेरची बँक. घर सुखवस्तू. मुलगा मात्र वेगळा. हाक मारली तर बघायचा नाही, नाती जोडायचा नाही, गोल फिरणाऱ्या वस्तूंकडे तासन्‌तास बघत बसायचा. आकडे आणि गाणी मात्र तोंडपाठ.

त्या काळी डॉक्टरांकडे अशा मुलासाठी एकच सल्ला असायचा. संस्थेत ठेवा, विसरून जा, पुढचं आयुष्य बघा. १९३७ साली, चार वर्षांचाही नसताना, डोनाल्डला घरापासून दूर एका सरकारी संस्थेत ठेवलं गेलं. आई-वडिलांना महिन्यातून दोनदा भेटायची परवानगी. वर्षभराने त्यांनी मुलाला तिथून काढलं, तेही संस्थेच्या प्रमुखांचा विरोध पत्करून.

मग ते पोचले बाल्टिमोरला, डॉ. लिओ कॅनर यांच्याकडे. भेटीआधी वडिलांनी मुलाबद्दल टाइप करून पाठवलेलं पत्र होतं ३३ पानांचं. कॅनर यांनी पुढच्या काही वर्षांत अशी आणखी मुलं पाहिली आणि १९४३ मध्ये ११ मुलांवर लेख लिहिला. आठ मुलगे, तीन मुली. ऑटिझम ही स्वतंत्र अवस्था म्हणून जगाला माहीत झाली ती या लेखामुळे. मॉस्कोमध्ये ग्रुन्या सुखारेवा या डॉक्टर बाईंनी १९२५ मध्येच अशा मुलांचं बारकाईने वर्णन केलं होतं, पण त्याकडे जगाने फार उशिरा पाहिलं. त्या लेखातल्या अकरा मुलांत डोनाल्ड होता पहिला.

वैद्यकाच्या इतिहासात त्याची गोष्ट इथे संपते. शाळेच्या इतिहासात ती इथून सुरू होते.

मक्याचं शेत आणि खेड्यातली शाळा

१९४२ मध्ये, नऊ वर्षांचा असताना, डोनाल्डला गावापासून काही मैलांवर एका शेतकरी जोडप्याकडे राहायला ठेवलं. त्यांना मूलबाळ नव्हतं. ऑटिझम हा शब्द त्यांच्या कानावरून गेला असण्याची शक्यता जवळपास नाहीच. पण त्यांनी काय केलं बघा.

डोनाल्डला मोजमापाचं वेड होतं. त्यांनी त्याला विहीर खणायला लावलं आणि किती खोल गेली ते सांगत राहा म्हणाले. तो मेलेले पक्षी आणि किडे गोळा करायचा. त्यांनी जागा नेमून दिली, म्हणाले इथे पूर आणि वर नावाची पाटी लाव. तो मक्याच्या ओळी पुन्हा पुन्हा मोजायचा. त्यांनी हातात नांगर दिला, म्हणाले नांगरता नांगरता मोज. १९४५ मध्ये कॅनर तिथे गेले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांदेखत या मुलाने सहा लांब ओळी नांगरल्या. घोडा नीट हाकत, नीट वळवत.

सवय मोडायच्या मागे कुणी लागलं नाही. तिला काम लावलं.

आणि तो जवळच्या शाळेत जायला लागला. साधी खेड्यातली शाळा. कॅनर यांनी नंतर नोंदवलंय की त्या शाळेने त्याचं वेगळेपण मान्य केलं आणि तो अभ्यासात चांगला पुढे गेला. पुढे तो गावच्या हायस्कूलमध्ये शिकला, मग कॉलेजात. १९५८ मध्ये पदवी घेतली, फ्रेंच विषयात. गावी परत येऊन बँकेत नोकरी केली, गाडी चालवायला शिकला, गोल्फ खेळला, एकट्याने देशोदेशी फिरला. २०२३ मध्ये ८९ व्या वर्षी वारला.

आता ती थाप. हायस्कूलमध्ये डोनाल्डबद्दल एक दंतकथा होती. पोरांनी एकदा शाळेच्या भिंतीकडे बोट दाखवून विचारलं, सांग यात विटा किती? डोनाल्डने एक नजर टाकली आणि आकडा सांगितला. पोरं थक्क. ती गोष्ट गावात पन्नास वर्षं फिरत राहिली. म्हातारपणी दोन पत्रकारांनी त्याला विचारलं, तेव्हा तो म्हणाला की आकडा मी तिथल्या तिथे मनानेच ठोकून दिला होता. का? तर त्या मुलांचं माझ्याबद्दल चांगलं मत व्हावं, असं वाटत होतं.

थांबा जरा इथे. ज्या मुलावरून 'स्वतःतच बुडालेला' अशी व्याख्या तयार झाली, त्याला वर्गातल्या मुलांत आपली पत हवी होती. हे बाहेर यायला बरोबरीची मुलं लागतात. बंद संस्थेत ती कुठून मिळणार?

अठ्ठावीस वर्षांनंतरचा हिशेब

१९७१ मध्ये कॅनर यांनी त्याच अकरा मुलांचा माग काढला. कोण कुठे पोचलं? निष्कर्ष जीव हलवणारा आहे. सुरुवातीला ही मुलं एकमेकांपासून फार दूर नव्हती. पण जी मोठाल्या सरकारी इस्पितळांत गेली, त्यांचं तेज भराभर विझलं. आकडे, गाणी, पाठांतर, सगळं गेलं. कॅनर यांनी त्या भरतीची तुलना जन्मठेपेशी केली.

हे काही प्रयोगशाळेतलं संशोधन नाही. अकरा मुलांवरून नियम काढता येत नाही, आणि संस्थेत गेलेल्यांपैकी काहींची अवस्था मुळातच जास्त कठीण असू शकते. पण ज्याने ऑटिझमला नाव दिलं, त्याचीच ही साक्ष आहे. मुलाला कुठे ठेवलं, यावर बरंच अवलंबून होतं.

मधल्या काळात पालकांवर आणखी एक संकट आलं. ऑटिझम आईच्या थंड वागण्यामुळे होतो, असं तज्ज्ञच सांगायला लागले. खुद्द कॅनर यांच्या लिखाणातही तो सूर होता. १९६७ मध्ये ब्रूनो बेटलहाइम यांच्या पुस्तकाने तो घराघरात नेला. त्याच्या तीन वर्षं आधी, १९६४ मध्ये, बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने त्याच्या उलट पुस्तक लिहिलं होतं, की हा जैविक प्रश्न आहे, यात आईचा दोष नाही. रिमलँड स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते. १९६५ मध्ये त्यांनी इतर पालकांबरोबर संघटना उभी केली. १९६९ मध्ये त्याच संघटनेच्या सभेत कॅनर यांनी पालकांना जाहीरपणे दोषमुक्त केलं.

हे सांगायचं कारण असं, की दोषी ठरवलेली आई शाळेच्या दारात जाऊन हक्क मागू शकत नाही. ती खाली मान घालून परत येते. हक्काची भाषा बोलायला आधी मान वर व्हावी लागते.

पण डोनाल्ड कोण होता?

डोनाल्डची गोष्ट गोड आहे. त्यातला कडू भागही सांगायला हवा.

त्याच्या घरची बँक होती. वडील गावातले नावाजलेले वकील. त्या मुलाला शाळेत घ्यायला नाही म्हणणारा मुख्याध्यापक कुठून येणार? आणि तो गोरा होता. १९४० च्या दशकातलं मिसिसिपी म्हणजे काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या, गोऱ्यांच्या वेगळ्या. त्याच गावात, त्याच वर्षी, तशाच स्वभावाचं एखादं काळं मूल असेल तर? त्याचं निदान कुणी केलं नसतं, आणि त्या शाळेच्या पायरीवरही त्याला कुणी उभं केलं नसतं.

म्हणजे डोनाल्डला मिळालं ते चांगल्या माणसांमुळे आणि चांगल्या घरामुळे. हक्क म्हणून काहीच मिळालं नव्हतं. चांगुलपणा गावागणिक बदलतो. म्हणून कायदा लागतो.

वेगळी शाळा: कोल्हापूर ते पेनसिल्व्हेनिया

'वेगळी शाळा' या कल्पनेशी आपला महाराष्ट्र आधीच झगडला आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, हे आपण शाळेत शिकलो. पण १९१९ मध्ये त्यांनी आणखी एक हुकूम काढला, त्याबद्दल कमी बोललं जातं. अस्पृश्य मुलांच्या वेगळ्या शाळा बंद करा आणि त्यांना सर्वांच्या शाळांत सगळ्यांबरोबर बसवा.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला याच प्रकारच्या निष्कर्षावर यायला १९५४ साल उजाडलं. ब्राऊन खटल्यात न्यायालय म्हणालं, वंशानुसार वेगळ्या केलेल्या शाळा कधीच समान नसतात. आणि हाच धागा पुढे अपंग मुलांच्या पालकांनी पकडला. पेनसिल्व्हेनियातल्या पालकांची संघटना न्यायालयात गेली. त्या राज्यात 'शिकण्यास अपात्र' असा शिक्का मारून मुलांना शाळेबाहेर ठेवता येत होतं. १९७२ मध्ये ते दार उघडलं. त्याच वर्षी वॉशिंग्टनमध्ये मिल्स खटला झाला. शाळा म्हणत होत्या, पैसे नाहीत. न्यायालय म्हणालं, पैसे कमी असतील तर त्याची झळ फक्त अपंग मुलांनी सोसायची नाही.

१९७५ मध्ये अमेरिकेचा राष्ट्रीय कायदा आला. प्रत्येक अपंग मुलाला मोफत आणि योग्य शिक्षण, प्रत्येक मुलासाठी स्वतंत्र लेखी आराखडा, आणि शक्य तितकं इतर मुलांबरोबर. त्या कायद्यातच नोंद आहे की देशात ८० लाखांहून जास्त अपंग मुलं आहेत आणि त्यातली १० लाख शाळेतून पूर्णपणे बाहेर ठेवली गेली आहेत.

आता यादी बघा. या कायद्याच्या पहिल्या नियमांत ऑटिझम 'गंभीर भावनिक विकार' या खात्यात टाकलेला होता. १९८१ मध्ये तिथून उचलून 'इतर आजार' या खात्यात. स्वतःच्या नावाची वेगळी ओळ मिळाली ती १९९० मध्ये. कॅनर यांच्या लेखानंतर ४७ वर्षांनी.

आपल्याकडे

आपल्याकडे विचार खरं तर लवकर सुरू झाला होता. १९४४ च्या सार्जंट अहवालात म्हटलं होतं की अपंग मुलांचं शिक्षण हा राष्ट्रीय शिक्षणव्यवस्थेचाच भाग असावा, वेगळ्या संस्थेत पाठवायचं ते खरोखर गरज असेल तेव्हाच. त्याच वर्षी मुंबईत जय वकील शाळा सुरू झाली, एका आई-वडिलांनी आपल्या मुलीसाठी सुरू केलेली. म्हणजे कागदावर एकत्र शाळा, आणि प्रत्यक्षात पालकांनी स्वतःच्या हिमतीवर उभी केलेली वेगळी शाळा. त्या पालकांना दोष देण्यात अर्थ नाही. दुसरं दार उघडंच नव्हतं.

१९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगानेही तेच सांगितलं, की अपंग मुलांचं शिक्षण सर्वसाधारण शिक्षणापासून तोडू नका. या आयोगाचे सदस्य-सचिव होते आपले जे. पी. नाईक. १९७४ मध्ये केंद्राची एकात्मिक शिक्षणाची योजना आली. अंध, कर्णबधिर, हातापायाने अपंग अशा मुलांवर तिचा भर होता.

आणि स्वमग्न मुलं? ती होतीच. फक्त त्यांना वेगळं नाव नव्हतं. कुणी मतिमंद, कुणी वेडा, कुणी हट्टी, कुणी 'आईने लाडावून ठेवलेला'. १९९१ चा 'चौकट राजा' आपल्या घरात अजूनही बघितला जातो. त्यातल्या नंदूला ऑटिझम नाही, लहानपणी डोक्याला मार लागलेला असतो. पण तो सिनेमा आपल्या समाजाची त्या वेळची शब्दसंपत्ती बरोबर दाखवतो. सगळ्यांना एकच शब्द आणि एकच खूण.

त्याच १९९१ मध्ये दिल्लीत मेरी बरुआ यांनी 'ॲक्शन फॉर ऑटिझम' सुरू केली. त्याही एका स्वमग्न मुलाच्या आई. १९९४ मध्ये त्यांनी शाळाही काढली. इथेही पुन्हा पालकच.

मग आला १९९५ चा कायदा, सात नावांचा. त्यात अपंग मुलांना १८ व्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाची तरतूद होती, पण ती यादीतल्यांसाठी. स्वमग्न मुलाला सवलत हवी असेल तर एकच मार्ग. 'मतिमंद' म्हणून प्रमाणपत्र घ्या. ज्या मुलाला बौद्धिक अक्षमता नाही, पण वर्गातला गोंगाट सहन होत नाही, त्याने काय करायचं? खोटा शिक्का घ्यायचा, नाहीतर काहीच मिळवायचं नाही.

१९९९ मध्ये पालकांच्या पाठपुराव्यानंतर राष्ट्रीय न्यास कायदा झाला. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविध अपंगत्व, अशा चार नावांत ऑटिझम पहिल्यांदा भारतीय कायद्यात उमटला. पण हा कायदा मुख्यतः पालकत्वाचा आणि देखभालीचा. आई-वडिलांनंतर मुलाचं कोण बघणार, या प्रश्नाचा. शाळेचा नव्हता.

२००९ ची फट

आता या गोष्टीतला माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा तुकडा. २००९ चा शिक्षण हक्क कायदा, जो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीचं शिक्षण. मोठा कायदा, त्यात वादच नाही. पण अपंग मुलांबद्दलची ओळ लिहिताना व्याख्या कुठून घेतली? १९९५ च्या यादीतून.

म्हणजे १९९९ मध्ये संसदेने ऑटिझमला नाव दिलं होतं, आणि दहा वर्षांनी शाळेचा कायदा करताना जुनीच यादी उघडली. स्वमग्न मूल 'प्रत्येक मूल' म्हणून शाळेत येऊ शकत होतं, पण 'अपंग मूल' म्हणून काही मागायला त्याच्या पायाखाली जमीन नव्हती.

ही फट बुजवली २०१२ च्या दुरुस्तीने. १ ऑगस्ट २०१२ पासून राष्ट्रीय न्यास कायद्यातली नावंही शिक्षण हक्काच्या व्याख्येत आली. शिवाय अपंग मुलांना वंचित घटकांत धरलं गेलं. आपण 'आरटीईचे २५ टक्के' म्हणतो ना, खाजगी शाळांतल्या त्या जागा त्यांनाही खुल्या झाल्या. मात्र त्याच दुरुस्तीत बहुविध आणि तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरीच शिकण्याचा पर्यायही दिला. हक्क मुलाचा आहे, शाळेचा नाही. पण 'याला घरीच शिकवा ना' हे वाक्य कोण कुणाला म्हणतं, हे आपल्याला माहीत आहे.

२०१६ मध्ये १९९५ चा कायदा जाऊन नवा दिव्यांग हक्क कायदा आला. १९ एप्रिल २०१७ पासून लागू. सातची यादी २१ झाली, आणि त्यात ऑटिझम स्वतःच्या नावाने आहे. किमान ४० टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, त्याच्या निवडीप्रमाणे, मोफत शिक्षणाचा हक्क आहे. ही निवड महत्त्वाची. काही मुलांना काही काळ विशेष शाळाच मानवते. जातीच्या वेगळ्या शाळेत आणि यात फरक हाच. तिथे निवड नव्हती.

दार आणि वर्ग

या २०१६ च्या कायद्यात समावेशक शिक्षणाची व्याख्या आहे. तिचे दोन भाग आहेत. एक, अपंग आणि इतर मुलं एकत्र शिकतील. दोन, शिकवण्याची पद्धत त्या मुलांच्या गरजेप्रमाणे बदललेली असेल.

पहिला भाग म्हणजे दार. दुसरा भाग म्हणजे वर्ग. गेल्या तीस वर्षांत आपण दारासाठी लढलो आणि बऱ्यापैकी जिंकलो. वर्गाचं काय? कायद्यातलं क्रियापद बघा. शाळांनी समावेशक शिक्षण द्यावं यासाठी सरकारने 'प्रयत्न करावा', असं लिहिलंय. प्रयत्न! सर्वोच्च न्यायालयाला २०२१ मध्ये सांगावं लागलं की प्राथमिक शाळेत दर १० दिव्यांग मुलांमागे आणि पुढच्या वर्गांत दर १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाला राज्यांना पुन्हा सांगावं लागलं, की ही पदं जाहीर करा.

शहरांतल्या पालकांशी बोलताना मला दोन वाक्यं सारखी ऐकू आली. एक, 'आमच्या शाळेत तो रमणार नाही.' दोन, 'शॅडो टीचर तुम्ही आणा, पगार तुम्ही द्या, मग घेतो.' नकार सरळ कुणी देत नाही, कारण कायदा माहीत आहे. नकाराला आता काळजीचा आवाज आलाय.

वर्ग बदलायचा म्हणजे काय, हे काही गूढ नाही. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्याने १९७२ मध्येच एरिक शॉप्लर यांचा 'टीच' नावाचा कार्यक्रम राज्यभर नेला. त्याचं सूत्र साधं. तोंडी सूचनांपेक्षा दिसणाऱ्या सूचना. दिवसाचं वेळापत्रक चित्रांत. कामाची जागा ठरलेली. पुढे काय होणार, ते आधी माहीत. आणि पालकांना बरोबरीचा जोडीदार मानायचं.

माझी मावशी सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. तिच्या वर्गात एक मुलगा होता, टोल पडला की कानांवर हात ठेवून किंचाळायचा. परिपाठाला उभा राहायचा नाही. मावशीला 'टीच' वगैरे काही माहीत नव्हतं. तिच्या लक्षात आलं की पोरगं आवाजाला तेवढं घाबरत नाही, जेवढं अचानकपणाला घाबरतं. तिने त्याला घड्याळ दाखवलं आणि हातात हातोडी दिली. म्हणाली, टोल आजपासून तू द्यायचा. सुरुवातीला मावशीला शेजारी उभं राहावं लागायचं. नंतर वर्गातली पोरंच सांगायला लागली, चल रे, वेळ झाली. शाळेचा टोल कधी एक मिनिट इकडचा तिकडे झाला नाही म्हणे.

मक्याच्या ओळी मोजणाऱ्या मुलाच्या हातात नांगर आणि आवाजाला दचकणाऱ्या मुलाच्या हातात हातोडी. दोन्हीकडे मोठ्या माणसाने आधी मुलाकडे नीट बघितलं. पण मावशीच्या वर्गात पोरं किती होती आणि तिच्या मदतीला किती जण होते, तेही विचारा. पोरं ४० च्या वर, मदतीला कुणी नाही. विशेष शिक्षक तालुक्याच्या गावाहून कधीतरी यायचे, कारण त्यांच्यावर अनेक शाळांची जबाबदारी. मावशीची बदली झाल्यावर त्या मुलाचं काय झालं, तिला माहीत नाही. पुन्हा तेच झालं ना? चांगलं माणूस होतं तोवर चाललं.

तर या इतिहासातून घ्यायचं काय?

मला दिसतं ते असं. एका खेडेगावाने कायदा नसताना वर्ग बदलून दाखवला, पण तो एकाच मुलासाठी, आणि त्या मुलाचं घर मोठं होतं म्हणून. आपण कायदा करून लाखो मुलांसाठी दार उघडलं, पण वर्ग शिक्षकांच्या चांगुलपणावर सोडला. अर्धं काम त्यांनी केलं, अर्धं आपण. दोन्ही अर्धी एकत्र आली, तर त्याला समावेशक शाळा म्हणायचं.

आणि यादीचा धडा विसरू नका. प्रत्येक वेळी नाव यादीत घातलं ते पालकांच्या रेट्याने, सरकारला आपोआप सुचलं म्हणून नाही. तेव्हा तुमच्या ओळखीत कुणाला शाळेने 'रमणार नाही' असं सांगितलं असेल, तर त्यांना एवढंच कळवा. नकार लेखी मागा. प्रवेशाचा अर्ज द्याल तेव्हा पोच घ्या. २०१६ च्या कायद्याचं कलम १६ आणि ३१ मोबाईलवर उघडून दाखवा. तक्रारीसाठी राज्यात दिव्यांग आयुक्त आहेत, त्यांचं कार्यालय पुण्यात आहे.

आणि तुम्ही स्वतः अजून शाळा-कॉलेजात असाल, तर तुमच्या वर्गात कोपऱ्यात बसणारं कुणीतरी असेल. ते तुमच्याकडे बघत नाही म्हणून त्याला तुम्ही नको आहात, असं समजू नका. विटांचा तो आकडा आठवा.

हा भाग ऐकायला वेळ नसलेल्या पालकांना आणि शिक्षकांना हा लेख पाठवा. पुढच्या भागात भेटू. तोवर, काळजी घ्या!